वेगळं ताट नको, पातेलंच बदला

बाबांना हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवून घरी आणलं त्या संध्याकाळी आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटला. सकाळी ओट्स, अकरा वाजता सफरचंद, दुपारी अळणी भाजी आणि दोन फुलके, रात्री सूप. तीन आठवडे बाबांनी तो कागद पाळला, निदान आमच्या देखत. टेबल एकच. आम्ही चौघं बटाट्याचा रस्सा ओरपतोय आणि त्यांच्यापुढे वाफवलेला दुधी. चौथ्या आठवड्यात आईला त्यांच्या स्वेटरच्या कप्प्यात फरसाणाची अर्धी पुडी सापडली आणि कागद उतरला.

त्यानंतर जे केलं ते दोन वर्षं टिकलंय, म्हणून लिहायचं धाडस. बाबांसाठी वेगळं शिजवणं बंद केलं आणि घरातलं एकच पातेलं सगळ्यांसाठी बदललं. आम्हाला लागला त्याच क्रमाने सांगतो.

आधी आकडे

स्वयंपाकघराला हात लावण्यापूर्वी चार आकडे हातात हवेत: रक्तदाब, साखर (उपाशीपोटीची किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीची तपासणी) आणि कमरेचा घेर. घरात एकाला हृदयविकार निघाला असेल तर तिशी ओलांडलेल्या सगळ्यांचे घ्या. इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांतल्यांना जवळपास ५९ व्या. ‘अजून वय कुठे झालंय’ म्हणायची आपल्याला सोय नाही.

कमरेचा घेर बरगडीची शेवटची कड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. पँटचा नंबर धरू नका. पोट सुटलं की पँट खाली सरकते, नंबर तोच राहतो.

रक्तदाब घरी मोजत असाल तर बाबांसारखं जिना चढून आल्या आल्या मशीन लावू नका. ते १६० बघून घाबरायचे आणि त्या घाबरण्याने पुढचं माप १६८ यायचं. आधी लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय न दुमडता जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवरून नाही. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. घरचं माप वारंवार १३५/८५ किंवा त्यावर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुढचं वाचून परस्पर अंमल करू नये असेही काही जण आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना फळं, नारळपाणी यांतलं पोटॅशियम जड जाऊ शकतं. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांना पाणीसुद्धा मोजून प्यावं लागू शकतं. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पालेभाजी एकदम वाढवून किंवा बंद करून चालत नाही. जेवढी खाता तेवढी नेमाने खायची असते. इन्शुलिनवर असलेल्यांनी भात-पोळी अचानक निम्मी केली तर साखर धोकादायक उतरू शकते. या सगळ्यांनी आधी विचारायचं, मग बदलायचं.

पहिला महिना नुसतं मोजा

मिठाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका. तेलाच्या डब्यावरही टाका. खाण्यात काही बदलू नका, संपले की दिवस मोजा.

आमची एक किलो मिठाची पिशवी पाच माणसांत २१ दिवसांत संपली, म्हणजे माणशी रोज साडेनऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, दिवसभराचा आणि सगळं धरून. त्या हिशेबाने ती पिशवी ४० दिवस जायला हवी होती. लोणचं, पापड, फरसाण आणि ब्रेडमधलं मीठ तर या पिशवीत धरलेलंच नाही.

तेलाचा पाच लिटरचा डबा २८ दिवसांत आटोपला, माणशी रोज ३५ मिली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत २००० कॅलरीच्या आहाराला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आम्ही स्वयंपाकाच्या तेलाला माणशी चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली ठेवले. बाकीची जागा तुपाला आणि बाहेरच्या खाण्याला सोडली. म्हणजे पाच माणसांना महिन्याला तीन लिटर. तुमच्या घरची माणसं मोजून तुमचा आकडा काढा. हा आकडा नसेल तर ‘आम्ही तेल कमीच खातो’ असं प्रत्येक घर शपथेवर सांगतं. आम्हीही सांगत होतो.

पळी

तेल जातं कुठे ते शोधताना पळी हाती लागली. आई फोडणीला ‘एक पळी’ तेल घालते. हे माप तिच्या आईकडून आलेलं. मुलीच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं झाकण घेऊन मी ती पळी मोजली. ३५ मिली निघाली, म्हणजे सात चमचे. भाजीला एक, आमटीला एक, रात्रीच्या पिठल्याला एक. “आता तू मला फोडणी शिकवणार का?” आईने विचारलं. माझी काय बिशाद. तुपाची छोटी पळी १२ मिलीची निघाली, ती तेलाच्या भांड्यात ठेवली आणि मोठी पळी आमटी वाढायला गेली. आई अजूनही ‘एक पळी’च घालते.

कमी तेलात भाजी खाली लागते ही तक्रार खरी आहे, आणि तिचा उपाय आपल्या आज्यांकडेच होता. कढई चांगली तापू द्या, मग तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद आणि भाजी. लगेच वर खोलगट ताटली झाका आणि ताटलीत वाटीभर पाणी ओता. आतली वाफ गार ताटलीला लागते आणि थेंब होऊन भाजीवर परत पडते, त्यामुळे वरून तेल सोडावं लागत नाही. कोरडी वाटलीच तर ताटलीतलं कोमट पाणी चमचाभर घाला. गवार, कोबी, फ्लॉवर, दुधी, घेवडा सगळं असं होतं. भेंडी आणि कारल्याला हे जमत नाही, त्यांना तेल जरा जास्त लागतं. लागू दे. दुसऱ्या दिवशी पालेभाजीत वसूल करता येतं.

दाण्याचं कूट मात्र लपून बसतं. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. वाईट नव्हे ते, पण भाजीत चार चमचे कूट पडलं की तेही हिशेबात आलं. ओल्या नारळाचं वाटण रोज लागत असेल तर नारळ निम्मा करून भाजलेला कांदा वाढवा. रस्सा तितकाच दाट होतो.

तेल कोणतं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. मी मुद्दाम उशिरा घेतोय, कारण सात चमचे ‘चांगलं’ तेल हे सातच चमचे असतं. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांतलं तोंडात बसलेलं घ्या, दर डब्याला आलटून पालटून घेतलं तरी छान. लाकडी घाण्याचं असलं तरी पळी तेवढीच. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के आणि तुपात ६० टक्क्यांच्या वर संपृक्त चरबी असते. हीच रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल वाढवते. तरी गरम वरणभातावरचं एक छोटा चमचा तूप आम्ही ठेवलंय. ते काढलं असतं तर बाबा पुन्हा स्वेटरच्या कप्प्याकडे वळले असते.

पुऱ्या तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तळणीला घेऊ नका. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा आणि काळं, फेसाळ झालं असेल तर टाकून द्या.

पानाची डावी बाजू

मराठी पानात वरती मीठ, मग लिंबू, आणि डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड. मीठ कमी करायचं तर कढईच्या आधी या बाजूला हात घाला.

पानात वाढायचं मीठ पहिल्या दिवशी बंद केलं. टेबलावरची मिठाची डबीही ओट्यावर गेली. मग कणकेतलं मीठ काढलं. कुणाला सांगितलं नाही आणि आठ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाकरी आपण बिनमिठाचीच खातो ना, मग पोळीचं काय अडलंय. भातातलं गेलं. ताकात मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चेचलेलं आलं आलं. राहिली भाजी-आमटी. तिथे एकदम निम्मं करू नका, बंड होतं. दर दहा-बारा दिवसांनी थोडं थोडं उतरवा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि मग बाहेरची आमटी खारट लागायला लागते. आमटीत कोकम किंवा चिंच आधी घाला, चव बघा आणि मीठ सगळ्यात शेवटी. आंबटाने मिठाची तहान बरीच भागते.

लोणचं रविवारी, एक फोड. पापडात मीठ असतंच, वर पापडखार, आणि तोही सोडियमचाच. भाजून खाल्ल्याने तेल वाचतं, सोडियम तेवढंच राहतं. कोशिंबीर मात्र चमचाभर होती ती वाटीभर केली. काकडी, गाजर, मुळा, बीट, जे असेल ते. तिला मीठ अगदी वाढताना चिमूटभर घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, चव पातळ होते आणि हात पुन्हा मिठाकडे जातो.

चटण्यांत जवसाची आणि कारळ्याची जरूर ठेवा. जवसात ओमेगा-३ चरबी भरपूर असते. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, लसूण, लाल तिखट, जिरं, आमसूल आणि नेहमीच्या निम्मं मीठ घालून कुटायची.

सैंधव, पादेलोण यांच्याबद्दल रोज कुणी ना कुणी सांगतं. रंग वेगळा, पण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबाला त्याचा उपयोग होतो, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅम शेवेवर ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते २ ग्रॅम मीठ झालं, दिवसाच्या कोट्यातलं ४० टक्के, टीव्हीसमोर बसल्या बसल्या.

उजवी बाजू

इथे काढायचं कमी, वाढवायचं जास्त. पोषण संस्थेच्या त्याच हिशेबात माणशी ४०० ग्रॅम भाज्या आहेत. पाच माणसांना रोज दोन किलो! आमच्याकडे पाव किलो गवार पाच जणांत सुखाने व्हायची. दोन किलोपर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही, पण दोन्ही वेळच्या कोशिंबिरी, डाळीत घातलेला पालक-मेथी-शेवगा आणि पिठल्याबरोबर एक पालेभाजी असं करत दीड किलोच्या आसपास येतो.

भात वाटीने वाढा, डावाने नको. डाव भरतानाच उंच होतो. रात्रीची पोळी जाऊन ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आली की तंतू वाढतात आणि वरून लावायचं तेलही वाचतं. ज्यांना भाकरी थापता येत नाही त्यांनी लाजू नये, मीही पोळपाटावर दोन कागदांच्या मध्ये लाटतो.

आठवड्यातून चार दिवस उसळ: मटकी, मूग, चवळी, मसूर, वाल. रात्री भिजत, सकाळी उपसून फडक्यात, दुसऱ्या दिवशी मोड. उसळीवरची तर्री लाल तिखटाने येते असं वाटतं. ती तेलाने येते. मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली हे स्वस्तातलं सोनं आहे, ओमेगा-३ तिथे थेट मिळतं. फक्त रव्यात तळू नका, तिखलं करा. सुकट-खारं मात्र मिठाच्या खात्यात जातं.

चार वाजताची खिंड

दिवसभर सांभाळलेलं सगळं चहाच्या वेळी जातं. आमची खिंड म्हणजे खारी. पापुद्रे सुटतात ते भरपूर घट्ट चरबीमुळे. बेकरीत ती बहुतेकदा वनस्पती तूप किंवा मार्गारीन असते. १ जानेवारी २०२२ पासून देशात तेला-तुपातल्या आणि ती वापरून केलेल्या पदार्थांतल्या ट्रान्स फॅटला (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण सुट्या खारीला लेबल नसतं, आणि ट्रान्स फॅट गेलं तरी संपृक्त चरबी उरतेच. खारी, नानकटाई, बटर, क्रीमरोल यांना आमच्या घरात आता पाहुणे आले तरच प्रवेश.

त्यांच्या जागी फुटाणे, मूठभर शेंगदाणे (खारे नव्हेत), भाजलेले मखाणे, एखादा पेरू. कुरमुरे फोडणीशिवाय, कांदा-टोमॅटो-लिंबू घालून. आणि चहातली साखर: चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे रोज आठ चमचे, साधारण ३५ ग्रॅम. कप लहान करा, साखर महिन्याला अर्धा चमचा उतरवा. गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही.

उपासाचंही इथेच सांगतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, बटाटा, तूप आणि कूट. आठवड्यातून दोन उपास असतील तर ते दोन दिवस सगळ्यात जड जातात. वऱ्याचे तांदूळ आणि पातळ दाण्याची आमटी, रताळं, राजगिरा, ताक, फळं यावर उपास मोडत नाही. दिवाळीचा फराळ मात्र आम्ही करतोच. फक्त निम्मा, आणि उरलेला डबा बाबांच्या हाताला लागणार नाही अशा फडताळात.

तंबाखू

इथे थोडं थोडं कमी करण्याचा सल्ला मी देणार नाही. विडी-सिगारेट, गुटखा, चुना-तंबाखू आणि मिश्री, सगळं बंद. मिश्री तर कित्येक घरांत तंबाखू म्हणून मोजलीच जात नाही. ‘आई फक्त दात घासते’ असं सांगतात. डॉक्टरांनी ‘तंबाखू?’ विचारल्यावर मिश्रीचं नाव घ्या. सोडायला मदत लागते, ती मागा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.

पाय

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. शिवाय दोन दिवस स्नायूंचं काम: खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड. बाबांनी दहा मिनिटांपासून सुरुवात केली, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. शतपावलीचा उपयोग जेवणानंतरच्या साखरेला होतो, पण ती संथच. भरल्या पोटी भरभर चालायला जाऊ नका. चालताना छातीत दाब आला आणि थांबल्यावर गेला, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी दाखवा.

झोप सात तास. जोरात घोरणारा माणूस मध्येच श्वास थांबल्यासारखा गप्प होत असेल तर त्याची तपासणी होते, ती करून घ्या. त्याचा रक्तदाबाशी थेट संबंध असतो.

गोळ्या आणि तो दिवस

पथ्य चांगलं चाललंय म्हणून गोळ्या कमी करायच्या नाहीत. विशेषतः स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दात काढायचा आहे म्हणूनसुद्धा परस्पर थांबवू नयेत. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट नॉर्मल आला की सोडतात, तो रिपोर्ट त्या गोळीमुळेच नॉर्मल असतो.

छातीत दाब किंवा जळजळ, ती जबड्याकडे, पाठीकडे, डाव्या हाताकडे जाणं, दरदरून घाम, धाप. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये नुसती मळमळ, थकवा आणि धाप एवढंच असू शकतं. ओवा-सोडा पाजून वाट बघण्यात वेळ घालवू नका. माणसाला बसवा, चालवू नका, जिना उतरायला लावू नका, त्याने स्वतः गाडी चालवायची नाही. १०८ ला फोन करा.

आमच्या फ्रिजवर आता पुन्हा एक कागद आहे. बाबांच्या गोळ्यांची नावं आणि वेळा, कुठल्या औषधाची ॲलर्जी, जुना ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड कुठल्या कप्प्यात आहे, १०८, आणि अँजिओप्लास्टीची (अडलेली रक्तवाहिनी उघडण्याची) सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा नंबर. खाली कोपऱ्यात आईच्या अक्षरात मिठाची पिशवी फोडल्याची तारीख. मागची ३४ दिवस गेली.